फोटो आळीतला, पिन भलतीकडे: वस्तीचा नकाशा करताना या चुका टाळा

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरताना दुकानं दिसायच्या आधी ठोके कानावर येतात. तांब्याच्या पातेल्याच्या पोटावर हातोडीचा घाव अगदी शेजारी शेजारी बसत जातो आणि प्रत्येक घावाची एक चकचकीत खळी उमटते. हे मठारकाम. ही आळी, तिथली दुकानं, जुने वाडे नकाशावर आणायचे म्हणून आम्ही काही जण एका सकाळी फोन घेऊन गेलो. घरी येऊन पाहतो तर पहिले सात फोटो लाल महालापाशी गोळा झालेले आणि बाकीच्यांतले बरेचसे मागच्या गल्लीत. सगळी फेरी पुन्हा मारावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

लाल महालाचं कोडं सोपं निघालं. आम्ही तिथे बसमधून उतरलो, चालत आळीत आलो आणि खिशातून फोन काढून लगेच फोटो काढले. फोनला ताजी जागा मिळालेली नसली की तो आधीची जागाच फोटोला चिकटवतो. त्यामुळे आधी नकाशाचं ॲप उघडा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या, त्याभोवतीचा फिकट गोल लहान झाला की मगच कॅमेरा सुरू करा. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी आहे ना, तेही निघतानाच पाहा. आयफोनवर अचूक लोकेशनचं वेगळं बटण असतं, ते बंद असेल तर पिन कुठेही पडते. अरुंद आळीत उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, म्हणून थांबूनही दहा-वीस मीटरची चूक राहतेच. ती हातानेच दुरुस्त करावी लागते.

दुसरी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. फोन नोंदवतो ती तुम्ही उभे होतात ती जागा. फोटोतला वाडा रस्त्यापलीकडे असला तरी पिन तुमच्या पायाखालीच पडते. आम्ही ठरवलं की पिन दाराच्या उंबऱ्यावर लावायची. त्यासाठी प्रत्येक फोटोमागे वहीत एक ओळ लिहिली: दार कोणत्या हाताला, शेजारी काय. संध्याकाळी उपग्रह नकाशावर पिना सरकवताना ही वहीच कामाला आली.

लोकेशन गळतं कुठे?

सगळ्यांत जास्त फोटो वाया जातात ते व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली जागेची माहिती निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आम्ही ग्रुपवर जमवलेले पन्नासेक फोटो याच कारणाने कोरे निघाले. अँड्रॉइड १० पासून तर ज्या ॲपला खास परवानगी नाही, त्याच्या हाती फोटो देताना फोन जागेची माहिती काढून घेतो. आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन चालू आहे का ते बघावं लागतं. म्हणून सगळ्यांना कामाला लावण्याआधी एकच फोटो पूर्ण वाटेने पाठवून बघा. तो नकाशावर योग्य जागी पडला, तरच पुढे जा.

आकड्यांची चूक त्या मानाने लगेच सापडते. गुगल मॅप्सवर अक्षांश आधी लिहितात, जिओजेसन आणि केएमएल या नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये रेखांश आधी. १८.५२ आणि ७३.८६ यांची अदलाबदल झाली की पुणं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे १८.३१ नव्हे; ३१ ला ६० ने भागायचं, म्हणजे साधारण १८.५१७. दशांश चिन्हापुढे दोनच घरं ठेवलीत तर चूक किलोमीटरभर होऊ शकते. पाच घरं ठेवा, म्हणजे मीटरभराच्या आत-बाहेर काम होतं. एक्सेलमध्ये ही घरं नकळत कापली जातात, तेवढं सांभाळा.

माणसं विचारून

तांत्रिक चूक दुरुस्त होते, ही होत नाही. काही ठिकाणी पुढे कारखाना आणि मागे घर असतं. दुकानाचा फोटो म्हणून टाकला आणि त्यात अंगणात खेळणारं पोर, वाळत घातलेले कपडे, घराची नेमकी जागा, सगळंच जगासमोर गेलं. फोटो काढायला हो म्हणणं वेगळं आणि नकाशावर लावायला हो म्हणणं वेगळं. दोन्ही स्वतंत्र विचारा. घरातल्या फोटोची पिन आळीच्या तोंडाशी लावली तरी चालते. गावाबाहेर उघड्यावर पडलेल्या मूर्ती आणि वीरगळ यांची नेमकी जागा तर सरसकट जाहीर करूच नये, चोरीला वाट मोकळी होते.

फोटोखाली ‘तांब्याचं भांडं’ एवढंच लिहिलं तर कारागिराचा अर्धा अपमान होतो असं मला मनापासून वाटतं. बंब, हंडा, घंगाळ, तपेलं, प्रत्येकाला नाव आहे. तेच लिहा, सोबत फोटोची तारीख लिहा, कारण दुकानं जागा बदलतात.

दुसऱ्या फेरीनंतर आम्ही कच्चा नकाशा घेऊन आळीत गेलो. एका वयस्कर तांबटकाकांनी हातोडी बाजूला ठेवली, फोन हातात घेतला, बोटांनी नकाशा मोठा केला आणि म्हणाले, "हे दार आमचं नाही, पलीकडचं. आणि याला हंडा कोण म्हणालं? घंगाळ आहे ते." आम्ही तिथेच उभं राहून दोन्ही दुरुस्त्या केल्या.