घर पोटभाड्याने देताय? भाडे थकले तर पैसे कोण भरणार, ते आधी ठरवा

तुमचा भाडेकरार संपायला अजून काही महिने आहेत आणि मध्येच दुसऱ्या शहरात जायची वेळ आली, की घर पोटभाड्याने देणे, म्हणजे स्वतः भाड्याने घेतलेले घर पुढे दुसऱ्याला भाड्याने देणे, हा सोपा मार्ग वाटतो. तो वापरायला हरकत नाही, पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथे करार दोन असतात. एक घरमालक आणि तुमच्यात, दुसरा तुम्ही आणि पोटभाडेकरूत. घरमालकाचा पोटभाडेकरूशी सहसा थेट करार नसतो. त्यामुळे पोटभाडेकरूने भाडे थकवले, तरी घरमालक ते तुमच्याकडूनच वसूल करणार. ‘त्यानेच मला दिले नाही’ या उत्तराने तुमचे देणे फिटत नाही.

१. स्वतःचा भाडेकरार वाचा, परवानगी लेखी घ्या

बऱ्याच करारांत पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते किंवा घरमालकाची संमती लागते. संमती न घेता घर दिले, तर भाडे वेळेवर भरूनही करारभंग होतो आणि तेवढ्यावरून तुम्हाला घर सोडावे लागू शकते. तोंडी ‘चालेल’ पुरेसे नाही. परत यायचेच नसेल, तर घरमालकाला सरळ विचारा: तुमचा करार संपवून नव्या माणसाशी थेट करार करता येईल का? तसे झाले आणि तुमची जबाबदारी संपल्याचे लेखी मिळाले, तर पुढच्या थकबाकीची काळजीच उरत नाही. माझ्या मते हा पर्याय आधी विचारायला हवा.

२. पैशाचा हिशेब मांडा

पोटभाडेकरूकडून एक महिन्याचे डिपॉझिट घेतलेत, असे समजू. पहिल्या महिन्याचे भाडे थकले की ते त्यातच संपते. पुढचे महिने तुमच्या खिशातून जातात, कारण भाडे दिले नाही म्हणून माणसाला लगेच बाहेर काढता येत नाही. नोटीस, मुदत, मग गरज पडली तर न्यायालय, यात महिने जाऊ शकतात. घराची मोडतोड झाली तर घरमालकाकडचे तुमचे स्वतःचे डिपॉझिटही अडकते. म्हणून निदान तीन महिन्यांचे भाडे स्वतः भरता येईल एवढी रक्कम बाजूला असेल, तरच घर द्या.

३. माणूस पारखून घ्या

ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि शक्य असेल तर आधीच्या घरमालकाशी बोलणे. उत्पन्न बेताचे असेल तर जामीनदार मागा. मित्र किंवा नातेवाईक असला तरी कागद कराच. पैशाची बोलणी भिडेस्तव टाळली की नाते आणि रक्कम दोन्ही धोक्यात येतात.

४. करारात हे असू द्या

मुदत तुमच्या मूळ कराराच्या काही दिवस आधी संपावी. भाड्याची तारीखही आधीची ठेवा: तुम्हाला ५ तारखेला भरायचे असेल, तर त्याने १ तारखेपर्यंत द्यावे. मूळ कराराची प्रत जोडून त्यातले नियम त्यालाही लागू असल्याचे लिहा. वीज-पाण्याचे बिल कोण भरणार, डिपॉझिटमधून काय वळते होणार, हेही स्पष्ट करा. ताबा देताना मीटर रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. काही ठिकाणी स्वतः भरता त्यापेक्षा जास्त भाडे आकारायला मनाई असते, तेही तपासा.

५. भाडे थकलेच, तर

सगळ्यात आधी घरमालकाचे भाडे वेळेवर भरा. पोटभाडेकरूशी वाद चालू असताना तुम्हीही थकबाकीदार झालात, तर घर तुमच्याच हातून जाईल. भरणे शक्यच नसेल तर देय तारखेच्या आधी घरमालकाला कळवा.

पोटभाडेकरूला त्याच आठवड्यात लेखी विचारा: किती रक्कम, कोणत्या महिन्याची, कधीपर्यंत देणार. हप्ते ठरले तर तारखांसकट लिहून घ्या. अर्धे पैसे मिळाले तर पावतीवर उरलेली बाकी नमूद करा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे दोनदा ऐकले, की कायदेशीर नोटीस द्या. नोटिशीचा नमुना आणि मुदत जागोजागी वेगळी असते, त्यामुळे या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्या.

कुलूप बदलणे, वीज तोडणे किंवा सामान बाहेर ठेवणे मात्र कधीही करू नका. अनेक देशांत हे बेकायदा आहे. ज्याच्याकडून पैसे येणे आहे त्यालाच भरपाई द्यायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

तुम्ही पोटभाडेकरू असाल तर

तुमचा धोका वेगळा आहे. तुम्ही दरमहा पैसे देता, पण मूळ भाडेकरू ते पुढे पोचवत नाही. त्याचा करार रद्द झाला की बऱ्याच ठिकाणी तुमचा राहण्याचा हक्कही जातो. राहायला जाण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती पाहा. भाडे बँकेतूनच द्या. शक्य असेल तर भाडे थेट घरमालकाला द्यायचे, असे तिघांच्या सहीने ठरवा. परस्पर मात्र देऊ नका, नाहीतर मूळ भाडेकरू तीच रक्कम पुन्हा मागू शकतो. घर सोडण्याची नोटीस आली, तर सगळ्या पावत्या घेऊन घरमालकाला भेटा आणि तुमच्या नावाने नवा करार करायची तयारी आहे का, ते विचारा.