पायथनमधे कॉन्स्टंट कुठे आणि क्लास कुठे? लाइट बिलाची स्क्रिप्ट घेऊन बघू

समजा महावितरणचं घरगुती बिल काढायची स्क्रिप्ट आहे. टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि हे आकडे फाइलभर विखुरलेत. आता एका फंक्शनमधला ३०० टप्प्याचा आणि दुसऱ्यातला ३०० भलत्याच कशाचा, सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं की दोन्ही बदलणार आणि एररही येणार नाही, फक्त बिल चुकणार.

म्हणून आधी हे आकडे कॉन्स्टंट, म्हणजे न बदलायच्या किमती, म्हणून उचलून फाइलच्या वरती न्या, इम्पोर्टच्या खाली. नावं पूर्ण कॅपिटलमधे, शब्दांमधे अंडरस्कोर, पेप ८ मधे, म्हणजे पायथनच्या अधिकृत लेखनशैलीच्या नियमांत, हेच सांगितलंय. नाव अर्थावरून द्या, 'तीनशे' नको, 'दुसऱ्या टप्प्याची मर्यादा' हवं. आणि पायथन कॉन्स्टंटला कुलूप लावत नाही हे लक्षात असू द्या, कॅपिटल म्हणजे फक्त "हात लावू नका" अशी खूण. त्यामुळे यादी असेल तर लिस्टऐवजी टपल (बदलता न येणारी यादी) घ्या, कोणी चुकून अपेंड करायला गेलं तर तिथेच एरर येईल. पायथन ३.८ पासून टायपिंग मॉड्यूलमधे फायनल ही 'पुन्हा बदलू नका' अशी खूण आहे, पण चूक मायपायसारखं कोड न चालवता तपासणारं टूल चालवलं तरच पकडली जाते, रन करताना नाही.

आता क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची फंक्शन्स (मेथड) एकत्र बांधायचा साचा; त्यातून बनते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. युनिट, ग्राहकाचा प्रकार, मंजूर भार हे तिघं प्रत्येक फंक्शनला एकत्रच पाठवावे लागतायत का? मग त्यांचा क्लास करा. पायथन ३.७ पासून माहिती ठेवायला डेटाक्लास आहे, त्यात इनिट (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) आपोआप मिळतो. पण क्लासमधे इनिट आणि एकच मेथड असेल तर क्लास कशाला, साधं फंक्शन पुरतं! अजून एक, साध्या क्लासच्या बॉडीत रिकामी लिस्ट ठेवलीत तर ती सगळ्या ऑब्जेक्टमधे एकच असते, एका ग्राहकाची रीडिंग दुसऱ्याच्या खात्यात दिसायला लागतात. लिस्ट इनिटमधे बनवा, डेटाक्लास असेल तर डीफॉल्ट फॅक्टरी वापरा, ती प्रत्येक ऑब्जेक्टला नवी लिस्ट बनवून देते.

खरा प्रश्न दरांचा आहे. दर कॉन्स्टंट वाटतात पण नियामक आयोगाचा नवा आदेश आला की बदलतात, आणि मागच्या वर्षीचं बिल तपासायचं तर जुनेच दर लागतात. वरचा आकडा बदललात की जुनी बिलं गेली. म्हणून मर्यादा आणि दर मिळून 'दरपत्रक' असा फ्रोझन (बनवल्यावर बदलता न येणारा) डेटाक्लास करा, प्रत्येक आदेशाचं एक ऑब्जेक्ट, आणि ती ऑब्जेक्ट मॉड्यूल लेव्हलला कॅपिटल नावानं ठेवा. दर डेसिमल या अचूक दशांश प्रकारात, तेही स्ट्रिंगवरून (अवतरणात लिहिलेल्या आकड्यावरून) बनवलेले, कारण नेहमीच्या फ्लोटमधे ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोब्बर ०.३ येत नाही.

बिलाच्या क्लासनं मात्र आतून तो कॉन्स्टंट वाचायचा नाही, दरपत्रक बाहेरून इनिटमधे द्यायचं. मग टेस्टसाठी १, २, ३, ४ रुपये असे सोपे दर देता येतात, ३५० युनिटला १०० अधिक ४०० अधिक १५० म्हणजे ६५० आले पाहिजेत हे तोंडी तपासता येतं.