विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

दोन विमानतळांमधलं अंतर घ्यायचं, ताशी ९०० किमीने भागायचं आणि आलेले तास खरे मानायचे, हा हिशोब लांबच्या प्रवासात हमखास फसतो.

टोकियो ते लॉस एंजेलिस अंतर सुमारे ८,८०० किमी. भागाकाराने येतात पावणेदहा तास. जाताना विमान साधारण दहा तासांत पोचतंही, पण परतीला साडेअकरा-बारा तास लागतात. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो. एखादं संकेतस्थळ दोन्ही दिशांना अगदी एकच वेळ दाखवत असेल, तर तो नुसता भागाकार आहे असं खुशाल समजा.

तिकिटावरचा वेळ पुन्हा वेगळाच. तो एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीवरची रांगही त्यातच धरलेली. त्यामुळे वैमानिकाने सांगितलेला हवेतला वेळ कमी निघाला म्हणून गोंधळू नका.

सर्वात जवळचा मार्गही दरवेळी मिळत नाही. हेलसिंकी–टोकियो अंतर जेमतेम ७,८०० किमी, पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. जुन्या लेखातला आकडा उचलताना साल बघा.

अक्षांश-रेखांश घालून स्वतः अंतर काढताय आणि उत्तर भलतंच येतंय? आधी चिन्ह तपासा. पश्चिम रेखांश ऋण लिहायचा असतो. लॉस एंजेलिसच्या ११८.४ पुढचं ऋणचिन्ह राहिलं, की ते शहर थेट चीनमध्ये जाऊन बसतं आणि टोकियोपासून दोन हजार किमीवर येतं! चिन्ह बरोबर असेल तर अंशांचं रेडियन (सूत्रात लागणारं कोनाचं एकक) केलंय का पाहा. तेही ठीक असेल तर एकक बघा: सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ चा.

घड्याळाची वजाबाकी तर सर्वांत फसवी. टोकियोहून उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी ११ ला उतरतं, म्हणजे निघण्याच्या सहा तास आधी. दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा: निघणं ०८:००, उतरणं १८:००. झाले दहा तास. फरक पाठ करून ठेवण्यातही धोका आहे. लंडन–न्यूयॉर्क फरक एरवी पाच तासांचा, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तो चारच असतो.

आणि शहराच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ).