मशरूमचा अर्क घरी काढताना या चुका टाळा

मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची असते. खेकड्याच्या कवचातही हेच असतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते बीटा-ग्लुकान नावाचं तंतुमय कर्बोदक या भिंतीतच गुंतलेलं असतं. आपल्या पोटाला कायटिन नीट पचत नाही आणि थंड पाण्याला ते दाद देत नाही. म्हणून वाळलेल्या मशरूमची पूड कोमट दुधात ढवळून पिण्याने फारसं काही हाती लागत नाही. त्याला उष्णता लागते आणि वेळही.

नेटवरच्या बऱ्याच कृती दारूतल्या अर्कापासून सुरू होतात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बडोद्यात तो रस्ता बंद. मग कुणी सॅनिटायझर वापरायला निघतो, कुणी रंगाच्या दुकानातलं स्पिरिट. हे चुकूनही करू नका. अशा स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, त्याने डोळे जातात, जीवही जातो. आणि उकळल्यावर ते सगळं उडून जाईल हा भरवसा खोटा आहे. खरं तर आपलं फारसं अडतही नाही. दारूत चांगली उतरतात ती रेशी या औषधी मशरूममधली ट्रायटर्पिनं नावाची कडू द्रव्यं. बीटा-ग्लुकान दारूत उतरत नाही, त्याला गरम पाणीच हवं. रेशीचा काढा कडू लागला, म्हणजे थोडी ट्रायटर्पिनंही पाण्यात आलीच.

आता काढ्याकडे वळू. वाळलेली रेशी लाकडासारखी असते. अख्खे तुकडे टाकले तर दोन तासांनंतरही पाणी फिकटच राहतं. मिक्सरमधून बारीक भुकटी केली तर चिखल होतो आणि फडक्यातून थेंबही उतरत नाही. दोन तास पाण्यात भिजवून मऊ करा आणि कात्रीने अर्धा सेंटीमीटरचे तुकडे करा. ३० ग्रॅम तुकड्यांना, भिजवलेलं पाणी धरून, दीड लिटर पाणी घ्या. पातेलं स्टीलचं असू द्या. झाकण थोडं उघडं ठेवून मंद आचेवर दोन तास ठेवा, कडेने बारीक बुडबुडे येत राहतील इतपतच. मोठ्या आचेवर पाणी पाहता पाहता आटतं, चोथा तळाला लागतो आणि जळका वास काही केल्या जात नाही.

मलमलच्या फडक्यातून गाळून चोथा घट्ट पिळा. पुष्कळजण इथेच थांबतात आणि बरंच काही चोथ्याबरोबर फेकून देतात. त्याच चोथ्यात पाऊण लिटर पाणी घालून आणखी एक तास शिजवा. दोन्ही पाणी एकत्र करून ३०० मिलीलिटरपर्यंत आटवा. म्हणजे १० मिलीलिटरमागे १ ग्रॅम मशरूम, हिशोब सोपा.

हा अर्क फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच टिकतो. चमचाभर मध घातल्याने तो टिकाऊ होत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. वास आंबूस आला किंवा वर तवंग दिसला तर ओतून द्या, पुन्हा उकळत बसू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाळलेलं मशरूमही ओल धरतं. तुकडा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर आधी पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर टाकून द्या.

शिताके या खायच्या मशरूमची गोष्ट थोडी वेगळी. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं तर काहींच्या अंगावर एक-दोन दिवसांनी चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. ते पूर्ण शिजवाच. मात्र चोथा टाकू नका. वाळवताना कल्ल्यांची, म्हणजे टोपीखालच्या पातळ पडद्यांची, बाजू वर करून उन्हात ठेवलं असेल, तर त्यात ड जीवनसत्त्व तयार झालेलं असतं. ते पाण्यात उतरत नाही, तेलात विरघळतं. चोथा बारीक चिरून आमटीच्या फोडणीत परता.

विकतच्या ‘अर्क पावडर’च्या डब्यावर नुसता ‘पॉलिसॅकराइड’चा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) आकडा असेल तर सावध राहा, स्टार्चही पॉलिसॅकराइडच असतो. बीटा-ग्लुकानचा आकडा वेगळा दिलाय का ते बघा. चिमूटभर पावडर गरम पाण्यात ढवळा, गार झाल्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाका. गडद निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे, बहुधा धान्यावर वाढवलेलं कवकजाळं (मशरूमचे मुळांसारखे पांढरे धागे) धान्यासकट दळलेलं. मशरूममध्ये स्टार्च नसतो. तपासलेलं पाणी फेकून द्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेशी घेऊ नका. आणि पावसाळ्यात झाडाखाली उगवलेली छत्री या पातेल्यात कधीच घालू नका. विषारी छत्रीचं विष उकळल्याने जाईलच असं नाही.