कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात एक दिवस: कोल्हापूरहून सहकुटुंब जाताना

पुण्याचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून आधी वार पाहावा आणि मगच मुलांना सांगावे. रविवार शक्यतो टाळावा. कोल्हापूरहून कात्रज सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. पहाटे पाचला निघून साताऱ्याच्या आसपास न्याहारी केली आणि पुढे नव्या बोगद्याकडे न वळता जुन्या कात्रज घाटाने उतरले, की पुण्याच्या गर्दीत शिरावे लागत नाही. पाणी, टोप्या आणि आजी-आजोबांसाठी चालायला सोयीच्या चपला घ्याव्यात.

खरी कसोटी आत गेल्यावर लागते. "एवढ्या लांब आलो आहोत, तर सगळे बघून घ्या" हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तलावासह हा परिसर १३० एकरांचा आहे. सगळे पाहायचे ठरवले, की प्रत्येक पिंजऱ्यापाशी दोन मिनिटे मिळतात आणि मुलांना झोपलेल्या पाठी तेवढ्या दिसतात. वाघ आणि बिबट्या निसर्गतः पहाटे व सांजवेळी फिरतात, तर अस्वल बहुतेक रात्री. भर दुपारी ते सावलीला पडून राहतात, यात त्यांची किंवा प्राणिसंग्रहालयाची काहीच चूक नसते.

हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका प्राणिसंग्रहालयात आम्ही बरोबर बारा वाजता वाघापुढे उभे होतो. शेजारच्या गृहस्थांनी शिट्टी वाजवून खडा मारला, आणि ते पाहून माझ्या सात वर्षांच्या मुलानेही खडा उचलला. मी त्याचा हात धरण्याआधीच तिथले कर्मचारी जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, त्याची झोपायची वेळ आहे." मला फार शरम वाटली, कारण चुकीच्या वेळी तिथे नेणारा मीच होतो. प्राण्यांना डिवचणे आणि खाऊ घालणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना गाडीतच समजावून सांगावे.

तेव्हापासून मी चार-पाचच प्राणी निवडतो आणि क्रम वेळेप्रमाणे लावतो. पोहोचताच हरणे पाहावीत. चितळाच्या नराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची पिळदार शिंगे मात्र कायम राहतात. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्यावा. आपल्या कोल्हापूर संस्थानात याच काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, हे आजोबांनी तिथेच सांगितले तर मुले कान देऊन ऐकतात. गवा दिसला तर गुडघ्यापासून खालचे त्याचे पांढरे पाय दाखवावेत. दाजीपूरला रस्त्याकडेला ओझरता दिसलेला गवा इथे निवांत पाहता येतो. दुपारी सर्पोद्यान, जेवण आणि झाडाखाली विश्रांती. या वेळी मुलांना पळवू नये.

चारच्या सुमारास वाघाकडे जावे आणि निदान वीस मिनिटे एका जागी उभे राहावे. पहिली पाच मिनिटे मुले कंटाळतात. "चला पुढे" असे मोठ्यांनी या टप्प्यावर मुळीच म्हणू नये, कारण साऱ्या दिवसाचे फळ नेमके याच्या पुढे असते. मुलांना एकेक काम द्यावे: शेपटीचे टोक हलते का, कान कुणीकडे वळतात, कानामागे पांढरा ठिपका आहे का. उन्हे कलली, की वाघ बहुधा उठतो, पुढचे पाय लांब ताणून आळस देतो आणि रात्रीच्या खोलीच्या दाराकडे येरझाऱ्या घालू लागतो. मागच्या खेपेस माझी मुलगी कठड्याला हनुवटी टेकवून त्याची पावले मोजत होती. बाराव्या पावलाला तो थांबला, वळला आणि तिच्याकडे पाहिले. तिने मोजणे सोडून माझे बोट घट्ट धरले.

वेळ उरली तर अस्वल पाहावे, न उरल्यास पुढच्या खेपेला ठेवावे. दरवाजे बंद होण्याआधी अर्धा तास बाहेर पडावे आणि रात्रीचे जेवण खंबाटकी घाट ओलांडल्यावरच घ्यावे.