फायबरच्या जुन्या होडीचा कुजलेला ट्रान्सम बदलताना या चुका टाळा

फायबरची होडी कुजत नाही, असा समज किनाऱ्यावर सर्रास आढळतो. परंतु आऊटबोर्ड इंजिन ज्या मागच्या फळ्यावर टांगले जाते, तो ट्रान्सम जुन्या बांधणीच्या बहुतेक होड्यांत आतून प्लायवूडचाच असतो. दोन्ही बाजूंना फायबरचे कवच आणि मध्ये लाकूड. इंजिनाच्या बोल्टांची, पाणी सोडण्याच्या बुचाची किंवा नंतर केव्हातरी फिश फाइंडरसाठी (मासे शोधणाऱ्या यंत्रासाठी) मारलेल्या स्क्रूंची भोके नीट बंद केलेली नसली, की तेथून पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला त्याला वाट उरत नाही. कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्यात अधिक फोफावते, त्यामुळे उघड्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा ट्रान्सम वापरातल्या होडीच्या आधीही जाऊ शकतो.

पहिली चूक बाहेरून पाहून निर्णय घेण्याची. हातोडीने हलके ठोकत गेल्यास निरोगी भाग टणक वाजतो आणि कुजलेला भाग बद्द वाजतो. इंजिन वर उचलून त्याच्या पायावर जोर दिला असता ट्रान्सम हलताना दिसला, तर शंकेला जागा राहत नाही. खात्री मात्र ड्रिलनेच होते. आतल्या बाजूने, तळाजवळ, ५ मिलिमीटरची दोन-चार भोके बाहेरचे कवच न फोडता पाडावीत आणि निघणारा भुसा पाहावा. एका २० फुटी होडीला बुचाच्या वर चार बोटांवर मी असे भोक पाडले, तेव्हा भुशाऐवजी चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा ड्रिलला गुंडाळून बाहेर आला आणि मागोमाग तपकिरी पाणी बराच वेळ थेंबथेंब गळत राहिले. बाहेरच्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराला, साधा तडाही नव्हता.

असे दिसल्यावर भोकांतून पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर कडक होणारे चिकट रेझिन) ओतून काम भागवण्याचा मोह होतो, पण त्याला बळी पडू नये. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही, ते फक्त सुट्या पोकळ्या भरते. पैसे जातात आणि दुखणे झाकले जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक मुहूर्ताची आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि हात मोकळे असतात, म्हणून हे काम तेव्हाच काढले जाते. पण नेमक्या याच दिवसांत हवेत इतका ओलावा असतो, की उघडे केलेले कवच सुकत नाही, पॉलिएस्टर रेझिन नीट कडक होत नाही आणि इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो, ज्यावर पुढचा थर धरत नाही. हा थर आधी पाण्याने चोळून धुवावा आणि मगच घासपेपर मारावा. थेट घासल्यास तो खरवडीत आणखी आत भरतो. शक्य असल्यास काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. मे महिन्याच्या उन्हात इपॉक्सी भांड्यातच तापून धुरावते, तेव्हा ते थोडे थोडे कालवून पसरट ताटात ओतून घ्यावे.

कटर लावण्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवावी आणि होडीला तळाशी व दोन्ही कुशींना टेकू द्यावेत, कारण मागचा फळा निघाला की कुशी फाकतात आणि त्या फाकलेल्या आकारातच नवा फळा बसतो. उंची, जाडी आणि कलता कोन लिहून घ्यावा व पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवावा. इंजिनाचा पाय आखूड असेल तर ट्रान्समची उंची साधारण १५ इंच, लांब असेल तर २० इंच लागते. यात दोन इंचांची चूकही पंख्याला हवा ओढायला लावते. आतून काम करताना बाहेरचे कवच राखावे. तळातल्या, होडीच्या लांबीने जाणाऱ्या दांड्यांची ट्रान्समला भिडणारी टोके उघडून पाहण्याचा कंटाळा अजिबात करू नये, कारण ओल बहुधा तिकडेही गेलेली असते.

प्लाय आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जाचाच घ्यावा. आयएस ३०३ चा प्लाय फर्निचरसाठी ठीक आहे, येथे नाही. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की ३८ मिलिमीटर जाडी मिळते, जी पुष्कळ होड्यांना पुरते, तरी आपले जुने माप हेच प्रमाण मानावे. कडा इपॉक्सी पिऊन तृप्त होईपर्यंत भिजवाव्यात, कारण पाणी कडेनेच सर्वाधिक शिरते.

पॉलिएस्टर स्वस्त आहे, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला ते इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही, म्हणून मी येथे इपॉक्सीचाच आग्रह धरतो. इपॉक्सी वापरताना नेहमीची चॉप मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) घेऊ नये. तिच्यातील धागे धरून ठेवणारा बंध सहसा पॉलिएस्टरमधील स्टायरिनमध्येच विरघळतो, त्यामुळे इपॉक्सीत ती ताठ राहते. विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. ज्यांना पॉलिएस्टरच परवडते, त्यांनी एक गोष्ट जिवाशी धरावी: कोबाल्ट (रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याने स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर त्यानंतर.

फळा बसवताना दाट केलेले इपॉक्सी दातेरी पट्टीने पूर्ण पसरावे आणि शिकंजे बेताने आवळावेत. कडेने सगळीकडून थोडे थोडे बाहेर आले की थांबावे. जोर लावून सगळेच पिळून काढले तर सांधा कोरडा राहतो आणि जेथे हवा अडकते तेथेच पुढे पाणी साचते. कोपरे गोलाई देऊन भरावेत आणि कापडाचे थर कुशी व तळावर उतरते, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे, असे न्यावेत. इंजिनाचा सगळा रेटा याच सांध्यांतून होडीला मिळतो. घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा फडक्याऐवजी चांगला मास्क आणि चष्मा लावावा. शेवटी इपॉक्सीवर जेलकोट भरवशाने धरत नाही, म्हणून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा.

आता भोके. प्रत्येक भोक हव्या त्या मापापेक्षा मोठे पाडून दाट इपॉक्सीने भरावे आणि कडक झाल्यावर त्यातून नेमक्या मापाचे भोक काढावे, म्हणजे बोल्टाभोवती लाकूड कोठेही उघडे राहत नाही. बुचाच्या भोकालाही हाच नियम लावावा. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, मोठ्या वायसरांसह घ्यावेत आणि सिलिकॉनऐवजी पॉलियुरेथेन सीलंट भरावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. एखादा सैल झालेला आढळल्यास तो नुसता आवळून न सोडता बाहेर काढावा, भोक पुसून कोरडे करावे आणि नव्या सीलंटसह पुन्हा बसवावा.