ओकच्या पानांतलं टॅनिन वेगळं कसं करावं, ओळखावं कसं

टॅनिन, म्हणजे वनस्पतींतलं प्रथिनांना चिकटणारं तुरट द्रव्य, हा एकच पदार्थ नव्हे. ओकच्या पानात त्याची दोन घराणी नांदतात: आम्लाने फुटून गॅलिक किंवा एलाजिक आम्ल देणारी जलविघटनशील टॅनिनं, आणि कॅटेचिनसारखे घटक जोडून बनलेली संघनित टॅनिनं. इंग्लिश ओकच्या पानात उन्हाळा सरत जातो तसं संघनित टॅनिन वाढतं. म्हणून पानं तोडल्याची तारीख पिशवीवर आधी लिहा.

पानं लगेच सावलीत, ४० अंश सेल्सिअसखाली वाळवा आणि बारीक दळा. उष्णतेची घाई इथे सगळ्यात महागात पडते. तापलेलं टॅनिन बदलतं, मग पुढचं सगळं काम भलत्याच पदार्थावर होतं.

१० ग्रॅम पूड १०० मिली द्रावकात भिजवा: ७० भाग ॲसिटोन, ३० भाग पाणी. टॅनिन पानातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं, आणि ती पकड हे मिश्रण चांगली सोडवतं. मेथॅनॉल शक्यतो नको, कारण ते गॅलिक आम्लाचे काही बंध हळूहळू तोडतं. अंधारात, थंड जागी काही तास हलवत ठेवा, गाळा, आणि चोथ्यावर हीच कृती आणखी दोनदा करा. ॲसिटोनची वाफ झटकन पेटते, त्यामुळे जवळपास ज्योत नको.

निर्वात बाष्पीभवनाने ४० अंशांखाली ॲसिटोन काढून टाका. उरलेलं पाणी विलगकारी नरसाळ्यात हेक्झेनबरोबर हलवा. हरितद्रव्य आणि मेण वरच्या हिरव्या थरात जातं, तो थर फेका. खालचा तपकिरी थर आपल्या कामाचा. तो सुकवून अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि सेफाडेक्स एलएच-२० (टॅनिन धरून ठेवणारे जेलचे बारीक मणी) भरलेल्या स्तंभावर चढवा. ८० टक्के इथेनॉलने साखर आणि छोटी फिनॉलं (टॅनिनच्याच जातीची लहान संयुगं) धुऊन निघतात, टॅनिन चिकटून राहतं. मग ७० टक्के ॲसिटोन ओतलं की ते उतरतं.

आता ओळख. मीठ घातलेल्या जिलेटिनच्या द्रावणात अर्काचे थेंब सोडा. टॅनिन असेल तर दुधट गढूळपणा येऊन साका बसतो. फेरिक क्लोराइडने जलविघटनशील टॅनिन निळं-काळं होतं, संघनित टॅनिन हिरवट-काळं. पण इतर फिनॉलंही रंग देतात आणि मिश्रणात निळा हिरव्याला झाकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. ब्युटेनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लात, धूर ओढणाऱ्या कपाटात, ९५ अंशांवर तासभर तापवा. लाल रंग चढला तर संघनित टॅनिन नक्की. रंग मोजायचा तर ५५० नॅनोमीटरवर, आणि तुलनेला न तापवलेली नळी शेजारी ठेवा.

नेमका रेणू सांगायला एचपीएलसी (दाबाखाली स्तंभातून घटक वेगळे करणारं तंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजणारं तंत्र) लागते. ऋण आयनांमध्ये ९३३ या वस्तुमानाचं शिखर दिसलं की कॅस्टालाजिन (ओकमधलं एक एलाजिटॅनिन, म्हणजे एलाजिक आम्ल देणारं टॅनिन) असं लिहायचा मोह होतो. त्याच्याच जोडीदार व्हेस्कालाजिनचं वस्तुमान मात्र अगदी तेवढंच आहे. शुद्ध नमुन्याशी स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ जुळेपर्यंत वहीत ‘एलाजिटॅनिन, ९३३’ एवढंच लिहा.